वीस चित्रांची परीक्षा

आमच्या घरात सकाळी साडेनऊला शाळा भरते. विद्यार्थी एक, मास्तर एक. मास्तरला मारायची परवानगी नाही. विद्यार्थ्याला आहे.

विद्यार्थी म्हणजे माझा मुलगा, वय वर्षं सहा. मी त्याला सरकार म्हणतो, कारण कारभार तसाच आहे. अर्ज करायचा आणि वाट बघायची. उत्तर आलं तर आलं, नाहीतर उद्या पुन्हा या. तो बोलत नाही. गुणगुणतो, किंचाळतो, आणि किंचाळला की वरच्या मजल्यावरचा म्हातारा जिन्यातून हाक मारून विचारतो, काय झालं. काही झालेलं नसतं. मोज्याची शिवण बोटांना लागत असते. चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी कागदावर स्वमग्न असं लिहून दिलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन प्रकारचे लोक येतात. काय करायचं ते सांगणारे आणि काही होणार नाही असं सांगणारे. करणारा एकही येत नाही. करणारा मी.

तसा मी लिफ्टचा मेकॅनिक. सोळा वर्षं इमारतींच्या डोक्यावरच्या मशीन रूममध्ये काढली. गिअरचं तेल, ब्रेकचे गट्टू, दोर. बायको नर्स आहे आणि तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. दोघांपैकी एकाने घरी बसायचं ठरलं तेव्हा मीच म्हणालो, मी बसतो. तेव्हा मला वाटलं होतं की घरी बसायचं असतं. अकरा महिने झाले, अजून टेकलेलो नाही.

काम काय, तर सांगतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बुटकं टेबल. त्याला एक स्टूल, मला एक खुर्ची. टेबलावर तीन चित्रं मांडायची. समजा घोडा, कप आणि चावी. मग म्हणायचं, "घोडा दे." त्याने घोड्याचं चित्र उचलून माझ्या हातात दिलं की बक्षीस. बक्षीस म्हणजे माझी कामावरची स्टीलची टेप. हातभर ओढायची आणि सोडायची. सर्रकन आत जाते आणि खट् करते. त्या खट्साठी सरकार वाट्टेल ते करतात. मग तक्त्यावर खूण. स्वतःहून दिलं तर अधिक, चुकलं तर वजा, मी हात धरून द्यायला लावलं तर गोल. चित्रांच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा मागायचं. रोज शंभर वेळा.

शंभर वेळा "घोडा दे" म्हणून बघा एकदा. साठाव्या वेळी घोडा हे जनावर आहे की शिवी आहे तेच कळेनासं होतं.

हे सगळं आम्हाला शिकवलं ताईंनी. ताई म्हणजे अशा मुलांच्या केंद्रातून महिन्यातून एकदा येणारी बाई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, पण पहिल्याच दिवशी तिने सरकारचा चावा हसत हसत सहन केला, तेव्हापासून मी तिला ताईच म्हणतो. तिच्याकडे साठ घरं. येते, पाऊण तास बसते, फाइल चाळते, पुढचं सांगते आणि पळते. तिची दर वेळची एक सूचना ठरलेली. "फक्त तुम्ही नका मागू हं. घरातल्या दुसऱ्या माणसानेही मागायला हवं. त्याचेही तक्ते फाइलला लावा."

पहिले तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी. चित्रं फाडली, टेबल उलटलं, माझ्या मनगटावर दातांच्या दोन ओळी अजून आहेत. मी काही संत नाही. एकदा मी तीस चित्रं घरभर भिरकावली आणि बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी आत आलो तर सरकार सगळी चित्रं उताणी करून सरळ रेषेत मांडत बसले होते. मी त्यातल्या तिसाव्या चित्राशेजारी फरशीवर आडवा झालो. इतका दमलो होतो की झोपच लागली.

आणि चौथ्या महिन्यात एका मंगळवारी मी म्हणालो, "घोडा दे," आणि त्याने घोडा दिला.

पुन्हा मागितला. पुन्हा दिला. जागा बदलली, तरी दिला. मी टेप इतकी ओढली की ती दारापर्यंत गेली. त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. घोडा, कप, चावी, खुर्ची, छत्री. पंधरा चित्रं झाली, वीस झाली. शंभरात नव्वद अधिक, त्र्याण्णव अधिक. मी ते तक्ते फाइलला लावताना भोकं अशी नीट पाडायचो की जसं काही कुणी तपासणीला येणार आहे.

बायको मागायची तेव्हा मात्र होत नव्हतं. तिला सुट्टी असली की ती बसायची. तीच चित्रं, तेच टेबल, तीच टेप. शंभरात तीस अधिक. कधी छत्तीस. तीन चित्रांतलं एक डोळे मिटून उचललं तरी एवढं होतंच.

मी दारातून बघायचो आणि माझं डोकं तापायचं. "अगं, जरा उत्साहाने माग ना! वॉर्डातल्या पेशंटला औषध विचारल्यासारखं काय विचारतेस?"

"मी तुझ्यासारखंच म्हणते आहे. घोडा दे. यात काय वेगळं म्हणणार?"

"त्याला कळतं. तू दमलेली असतेस ते त्याला कळतं."

"आणि तू काय रे, बागेत फिरून येतोस का?"

एकदा फारच झालं. ती रात्रपाळी करून आली होती, चार तास झोपून उठली आणि टेबलाशी बसली. एकोणतीस अधिक. मी म्हणालो, "तू नको बसूस. तू बसलीस की त्याचं बिघडतं." तिने पेनाला टोपण लावलं, तक्ता टेबलावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

तो तक्ता मी फाइलला लावला नाही. आधीचे लावले होते तेही काढले. कपाटात टाकले, जुन्या वायरींच्या डब्याखाली. ताईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, तिला वेळच मिळत नाही हो. आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्याने ब्रेक बसवला त्याने त्याची तपासणी करायची नाही, दुसऱ्याने करायची. सोळा वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही. घरी मोडला.

मोडला, कारण मला घाई होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे. तिथे अशा मुलांचा एक वर्ग आहे, सहा मुलं, दोन बाई. सकाळी नऊ ते दुपारी तीन. त्यातली एक जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी दोन मुलं होती, एक आमचं. परीक्षा साधी. त्या वर्गातल्या बाई वीस चित्रं मागणार, त्यातली चौदा बरोबर यायला हवीत. अनोळखी माणसाने सांगितलेलं कळतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दुसरीकडे आमच्या फोरमनचा फोन आला होता. "तुझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो. त्याच्यापुढे साहेब ऐकणार नाहीत. काय ते बघ." नऊ ते तीन शाळा म्हणजे मला दिवसपाळी मिळाली असती. लाज वाटते सांगायला, पण सांगतो. सरकार शाळेत जाणार याच्यापेक्षा मी कामावर जाणार याचा आनंद मला जास्त झाला होता. मशीन रूममध्ये एकटं बसून डबा खायचा. कुणी चावणार नाही. बिघाड असेल तर सापडेल, सापडला की दुरुस्त होईल, आणि दुरुस्त झालेली गोष्ट दुसऱ्या दिवशीही दुरुस्त असेल. मी कपाटातून कामाचे बूट काढून पुसूनही ठेवले होते.

परीक्षेच्या दिवशी बायकोला रजा मिळाली नाही. मी आणि सरकार गेलो. वर्ग लहान होता. खिडकीखाली टेबल, भिंतीला मुलांचे कोट अडकवायच्या खुंट्या, पाच खुंट्यांवर एकेक चित्र. सहावी खुंटी रिकामी होती. मी तिच्याकडे बघून घेतलं.

बाई पन्नाशीच्या, शांत. मला म्हणाल्या, "तुम्ही दाराजवळ बसा, त्याच्या मागे." टेप मी त्यांच्या हातात दिली आणि ओढायची कशी ते दाखवलं. त्यांनी तीन चित्रं मांडली.

"कप दे."

सरकारने मान मागे वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मी हसलो. बाई म्हणाल्या, "इकडे बाळा. कप दे." त्याने हाताला लागलं ते उचललं. चावी.

"छत्री दे." पुन्हा मान मागे. पुन्हा हाताला लागलं ते.

आठव्या चित्राला तो स्टुलावर उलटाच फिरून बसला, माझ्याकडे तोंड करून. बाईंनी त्याला हळूच सरळ केलं. तो पुन्हा फिरला. वीस चित्रं संपली तेव्हा त्यांच्या कागदावर सहा अधिक होते.

मी मुळातला तापट, आणि त्यात अकरा महिने. उठलोच. "तुम्ही फार हळू बोलता हो. त्याला सवय नाही. मला बसू द्या, मग बघा."

त्यांना राग आला नाही. त्यांनी खुर्ची दिली. मी बसलो, चित्रं मांडली आणि मागायला लागलो. कप दे. छत्री दे. घोडा दे. चावी दे. सरकार पटापट देत होते. बारा मागितली, बाराही बरोबर. टेपचं खट् खट् सगळ्या वर्गात ऐकू येत होतं. मी बाईंकडे वळलो. म्हणजे आता काय म्हणायचं आहे, अशा थाटात.

त्या चित्रांकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"एक करा," त्या म्हणाल्या. "ही फाइल तोंडासमोर धरा आणि मागा."

माझीच फाइल. मी धरली. आता हा काय खुळेपणा, असं मनात म्हणालो आणि मोठ्याने म्हणालो, "घोडा दे."

काही नाही. पुन्हा म्हणालो. काही नाही. मग फाइलच्या वरच्या कडेवर चार बोटं आली. त्याने फाइल खाली ओढली, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि घोडा दिला.

बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तुम्ही जे चित्र मागता त्याच्याकडे आधी बघता," त्या म्हणाल्या. "नुसतं बघता, आणि मग मुलाकडे बघता. तुमच्या लक्षातही येत नसेल. चित्रं त्याला येत नाहीत. तो तुमचे डोळे वाचतो."

मला कळायला वेळ लागला नाही. मशीन चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, दोन्ही हात ग्रीसमध्ये असतात. हाताखालच्या माणसाकडून पाना हवा असेल तर आम्ही पान्याकडे बघतो आणि मग त्याच्याकडे. तो पाना देतो. सोळा वर्षं मी असंच मागत आलो. बायको मागताना आधी तक्त्यावर तारीख नि आकडा लिहिते, नर्सची सवय. तिचे डोळे कागदावर असतात. म्हणून एकोणतीस.

तिचे तक्ते खरे होते. कपाटात वायरींच्या डब्याखाली होते ते खरे, आणि नीट भोकं पाडून फाइलला लावलेले सगळे खोटे. सात महिन्यांचे. घरी बसून मी स्वतःलाच चित्रं विचारत होतो आणि स्वतःलाच पूर्ण मार्क देत होतो.

"जागा?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"दुसऱ्या मुलाने पंधरा दिली," बाई म्हणाल्या. मग कागद बाजूला ठेवून, "वर्षभराने पुन्हा या. नक्की या." आणि सरकारला टेप परत देताना म्हणाल्या, "एवढं टक लावून बघणारी मुलं माझ्याकडे फार येत नाहीत."

मी फाइल काखेत मारली आणि त्याला घेऊन बाहेर पडलो. रस्त्यात तो माझी बाही धरून चालत होता. मी त्याच्यावर चिडलेलो नव्हतो. कुणावरच नव्हतो. चिडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

फोरमनला फोन केला. "नाही जमत," म्हणालो. तो म्हणाला, "बरं," आणि मग उगाचच म्हणाला, "तो जुना सहा नंबरचा ब्रेक अजून वाजतो बघ." मी म्हणालो, "गट्टू बदला." फोन ठेवला.

बायको आली तेव्हा मी तिचे तक्ते टेबलावर काढून ठेवले होते. सगळं सांगितलं. कपाटाचंही सांगितलं. तिने पर्सही खाली ठेवली नव्हती. एकेक तक्ता बघत गेली. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. आणि खायलाच हवं होतं.

"मला वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की त्याला मी नको आहे." आणि खुर्चीत बसली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "नंतर माग. आत्ता माझे पाय दुखतायत." मग मी पाणी गरम केलं आणि बादलीत तिचे पाय सोडले. सरकार येऊन बादलीतलं पाणी बघत उभे राहिले. आम्ही तिघंही बराच वेळ त्या पाण्याकडेच बघत होतो.

ताईंना फोन केला. खोटं बोललो होतो तेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एक सुस्कारा ऐकू आला, साठ घरांचा. मग म्हणाल्या, "पहिल्यापासून करू. तीनच चित्रं. मागताना चित्राकडे बघायचं नाही, त्याच्याकडेही नाही. तो तुमचा चेहरा शोधेल. द्यायचा नाही. सुरुवातीला सगळे वजा येतील. येऊ द्या. काही महिन्यांनी शोधायचं सोडून देईल आणि मग चित्रांकडे बघायला लागेल."

"सोडून देईल म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे बघायचं सोडून देईल," ताई म्हणाल्या. "त्या वेळेपुरतं हो."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शाळा भरली. बायकोची दुपारपाळी होती, म्हणून ती तक्ता घेऊन स्वयंपाकाच्या कट्ट्याशी उभी राहिली. खुणा आता तीच करणार. मी घोडा, कप आणि चावी मांडली, खुर्चीत बसलो आणि डोळे मिटले.

"घोडा दे."

काही नाही. पुढे केलेला माझा हात रिकामाच. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि माझ्या उजव्या पापणीवर एक बोट टेकलं. थंड, जरा ओलं. त्याने माझी पापणी वर केली.

त्याचं तोंड माझ्या तोंडापासून चार बोटांवर होतं. तो बघत होता. या पोराने एकदा तरी नजरेला नजर द्यावी म्हणून आम्ही किती दारं झिजवली. डॉक्टरांच्या कागदावर पहिली ओळच ती होती, नजर देत नाही. आणि तो माझ्या डोळ्यांत असा बघत होता की आजवर कुणी बघितलं नसेल, बायकोनेसुद्धा. मला रडू कोसळलं. आवरलं नाही आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही. त्याने दुसऱ्या हाताच्या बोटाने डावी पापणीही वर केली.

"बघू नकोस," कट्ट्याशेजारून बायको म्हणाली.

मनात आलं, खड्ड्यात गेला तो घोडा. खड्ड्यात गेली ती शाळा, ती खुंटी आणि माझी नोकरी. बघत राहू दे त्याला. पण मी जन्मभर त्याच्यासमोर बसायला पुरणार नव्हतो. उद्या त्याच्याकडून कुणी दुसरं मागणार होतं, पाणी दे, हात दे, दार लाव. त्या माणसाचे डोळे त्याला काही सांगणार नव्हते.

"वजा?" बायकोने विचारलं.

"वजा," मी म्हणालो.

मी त्याचे दोन्ही हात खाली केले, त्याला उचलून स्टुलावर बसवलं आणि माझी खुर्ची फिरवून घेतली. आता माझ्यासमोर नुसती भिंत होती. हात मागे टेबलावर उघडा ठेवला आणि म्हणालो, "घोडा दे."

मागे स्टूल पुन्हा सरकलं. तो टेबलाला वळसा घालून आला आणि माझे गुडघे बाजूला लोटून भिंतीच्या आणि माझ्या मधल्या वीतभर जागेत घुसून उभा राहिला.